पिवळं कुलूप

१

"परत तेच! चालवणाऱ्याची सीट पार स्टिअरिंगच्या पोटात, आणि शेजारची मागे आडवी, पलंगासारखी! मी शिरू कुठून आता, टपावरून?"

धुलाईवाली छोट्या पांढऱ्या गाडीच्या दारात अर्धी आत, अर्धी बाहेर होती आणि हे सगळं हातातल्या फडक्याला ऐकवत होती.

वॉरंटीबाई तिच्या पाठीमागूनच चालली होती. तिने ऐकलं आणि सोडून दिलं. धुलाईवालीची कुरकुर म्हणजे वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरची घरघर. ती थांबली असती तरच कोणी मान वर करून बघितलं असतं.

ती छोटी पांढरी म्हणजे बदली गाडी. गिऱ्हाइकाची मोठी गाडी वर्कशॉपात मुक्कामाला राहिली, की तेवढ्यापुरती वापरायला द्यायची. मोठ्या गाड्या इथे एकाहून एक यायच्या. चामड्याच्या सीटा, दार लावलं तरी आवाज नाही, आणि सर्व्हिसचं बिल बघितलं की मालकाचाही आवाज नाही. असली गाडी घेणारा माणूस एकदा खिशात हात घालतो तो तिथेच राहतो, असं वॉरंटीबाईचं मत होतं. टायर, ब्रेक, विमा, फिल्टर... हात बाहेर काढायला सवडच मिळत नाही.

तिचं काम एवढंच की बिघाड गाडीचा की माणसाचा, हे ठरवायचं. गाडीचा असेल तर खर्च कंपनीचा. माणसाचा असेल तर माणसाने सोसायचा. उंदराने वायर कुरतडली तर तो माणसाचा बिघाड धरतात. उंदराच्या बाजूने तावातावाने भांडणारी माणसंही तिने पाहिली होती.

"बाई! इकडे या! आत्ताच्या आत्ता!"

मॅनेजर ओरडत होता, आणि तोही आपल्या गार केबिनच्या बाहेर येऊन. त्याला सगळे मागून 'एसी' म्हणायचे. एसी केबिन सोडून बाहेर आला म्हणजे नक्कीच काहीतरी पेटलं होतं. वॉरंटीबाई पळाली.

गाडी उचलायच्या शेवटच्या लिफ्टशेजारी एक काळीभोर गाडी उभी होती. चारही दारं उघडी. ड्रायव्हरशेजारची सीट उचलून बाजूला ठेवलेली, आणि तिच्यापाशी सायलेन्सर उभा. हा इथला सगळ्यात जुना तंत्रज्ञ. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर त्याच्या बायकोला फोन करून कळवावं अशी चेष्टा चालायची, म्हणून सायलेन्सर. त्याच्या तळहातावर अंगठ्याएवढं पिवळं कनेक्टर होतं.

"निघालेलं नाही," तो म्हणाला. "काढलेलं आहे."

२

"कोणी काढलं ते सांग ना मग!" एसीचा चेहरा लालबुंद झाला होता. "तीच गाडी, तोच बिघाड, चौथ्यांदा! चारही वेळा दुरुस्ती तुझ्याच हातची, आणि दुरुस्तीच्या तासांचे जादा पैसे तुझ्याच पगारात. कंपनी काय म्हणते ठाऊक आहे? तूच काढतोस आणि तूच लावतोस म्हणते!"

सायलेन्सर नुसता कनेक्टरकडे बघत राहिला.

"जेवणं झाली की कंपनीचा ऑडिटर येतोय," एसी वॉरंटीबाईकडे वळला. "तोवर दुसरं नाव मिळालं तर ठीक. नाहीतर याचा राजीनामा मी छापून ठेवलाय. याने फक्त सही करायची. गाडीचे मालक, ते फरशीवाले शेठ, वर लाउंजमध्ये सहकुटुंब येऊन बसलेत. वॉरंटी वाढवून घ्यायला आलेत, आणि त्यांची अट एकच आहे. हा माणूस पुन्हा इथे दिसता कामा नये."

एसी गेला. वॉरंटीबाईने सायलेन्सरकडे पाहिलं. तिच्या मुलीच्या स्कूटीचा ब्रेक फुटला होता तेव्हा हाच माणूस भर उन्हात रस्त्यावर बसून तो नीट करत होता, एक अक्षर न बोलता. असा माणूस सहीसुद्धा एक अक्षर न बोलता करून टाकेल.

"अरे, बोल की काहीतरी स्वतःच्या बाजूने!"

"मी पाहिलेलं नाही कोणाला," तो म्हणाला. "कसं सांगू?"

"बरं, बोलू नकोस. दाखव."

दाखवायचं म्हटलं की मात्र त्याचे हात खुलायचे. पिवळं कनेक्टर म्हणजे एअरबॅगचं. ते सुटलं की समोर लाल दिवा लागतो, आणि तो दिवा लागलेली गाडी पूर्ण तपासल्याशिवाय परत द्यायची नाही, असा कंपनीचा कडक नियम. म्हणजे मुक्काम आलाच. कनेक्टरच्या पाठीवर नखाएवढं कुलूप होतं. नुसतं ओढून काही व्हायचं नाही. आधी कुलूप उचलायचं, मगच ते सुटणार. आणि हे तर गेल्याच खेपेला कंपनीने वॉरंटीत बसवून दिलेलं नवंकोरं होतं.

कुलपाच्या कडेला एक पांढरट ओरखडा होता. सायलेन्सरने आपला स्क्रूड्रायव्हर त्यावर टेकवला. स्क्रूड्रायव्हरचं टोक चपटं आणि रुंद होतं. ओरखडा बारीक होता, तारेने पडल्यासारखा.

"तुझ्या हत्याराचा नाही," वॉरंटीबाई म्हणाली. "आणि कडा कुठली ही? पुढची की मागची?"

"मागची."

"तू कुठून काम करतोस?"

त्याने पुढे बोट दाखवलं. सीट पूर्ण मागे सारायची आणि पुढून हात घालायचा. सगळे तसंच करतात.

"सीट परत बसव," ती म्हणाली. "लवकर!"

कनेक्टर जागेवर गेलं, सीट बसली. वॉरंटीबाई मागच्या सीटवर चढली, वाकली आणि पुढच्या सीटखाली हात सारला. चाचपावंसुद्धा लागलं नाही. बोट बरोबर पिवळ्या कनेक्टरवर जाऊन टेकलं.

"मागून!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या लिफ्टवरचा माणूस दचकला. "ज्याने हे केलं तो मागे बसून करतो!"

आणि वर लाउंजमध्ये, त्या गाडीत बसणारं अख्खं घर या क्षणी फुकटची कॉफी पीत होतं.

३

शेठचा ड्रायव्हर लाउंजच्या दाराशी पाण्याच्या कूलरला टेकून उभा होता.

"काय दादा, गाडी इथे अडकली की तुमचं काय?"

"माझं काय, सुट्टी."

"पगारी?"

"मॅडम, बिनपगारी सुट्टीला आम्ही सुट्टी म्हणत नाही. उपास म्हणतो."

म्हणजे याला फायदा होता. वॉरंटीबाई त्याच्याच शेजारी टेकली.

"तुम्ही मागच्या सीटवर झोपता की नाही मधूनमधून? खरं सांगा."

"मागे? एकदा माझ्या डब्याचं नुसतं झाकण ठेवलं होतं त्या सीटवर, तर शेठ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. गाडी उभी केली की कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे. दुसरी शेठच्या कपाटात. मागे शेठ आणि काकू. कधी शेठ या अंगाला, कधी काकू."

"आणि गाडी इथे असते तेव्हा ती छोटी कोण चालवतं?"

"घरचेच... कोणीतरी."

"शेठ?"

"पाणी देऊ तुम्हाला?"

"शेठ स्वतः ही मोठी गाडी कधीच चालवत नाहीत का हो? एवढ्या हौसेने घेतली म्हणतात."

ड्रायव्हरने पेला भरला आणि स्वतःच पिऊन टाकला. "इथला एसी जरा जास्तच नाही का?" तो म्हणाला, आणि जिन्याकडे निघून गेला.

शेठचा मुलगा खिडकीशी मोबाइल घेऊन बसला होता. त्याला गाडीबद्दल विचारायची खोटी, तो भरून वाहायला लागला.

"गाडी? मॅडम, तो घरात पाळलेला हत्ती आहे! उभा राहिला तरी खातो, चालला तरी खातो. टायर बदलले त्या महिन्यात मी घरात चपला काढून चालत होतो, उगाच आणखी काही झिजायला नको म्हणून. वायपरच्या दोन रबरी पट्ट्या, त्यांचं बिल बघून आमचा अकाउंटंट मला विचारतो, शेठनी दुसरं दुकान काढलं का? आता वॉरंटी संपत आली म्हणून ती वाढवायला आणखी पैसे. मी म्हणतो, विकून टाका!"

"मग सारखी बिघडली तर तुमचं बरंच की. शेठ कंटाळतील आणि विकतील."

मुलगा हसला. "अहो, वॉरंटीत आहे तोवर तुम्ही फुकट दुरुस्त करून देता. मग पप्पा कंटाळतील कशाला? मला बिघडवायचीच असती तर मी वॉरंटी संपायची वाट नसती का पाहिली? तेव्हा एक बिल आलं असतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी गेली असती."

वॉरंटीबाईने त्याचं नाव मनातल्या मनात खोडलं. याचा हिशोब बिनचूक होता.

"पण पप्पा स्वतः का नाही चालवत?"

मुलाचं हसू मावळलं. त्याने मोबाइल उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला.

"मॅडम, या विषयावर आमच्या घरात कोणी बोलत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्हीही बोलू नका."

पलीकडच्या सोफ्यावर शेठ बसले होते. धिप्पाड गडी, पोट मांडीवर घेऊन बसल्यासारखे. त्यांच्या शेजारी काकू, एवढ्याशा, की पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. त्यांनी चष्मा काढला होता आणि कानामागे बोटाने चोळत होत्या. चष्म्याच्या एका काडीचं प्लॅस्टिकचं टोपण गेलेलं, नुसती वाकडी तार उरलेली.

"टोचतोय का हो काकू?"

"टोचू दे मेला. दुकानात जाऊन बसवून घेईन कधीतरी." मग एकदम पुढे वाकून म्हणाल्या, "बाई, तो न बोलणारा माणूस आहे ना तुमचा... त्याला काढणार म्हणतात. खरं का हो?"

"आज दुपारी."

काकूंचा हात कानाशीच थांबला.

"काढायलाच हवा!" शेठ गरजले. "या गाडीसाठी मी काय काय मोजतो ते मला माहीत. आणि तुमचा माणूस तिच्याशी खेळतो! मला तो समोर नको."

"अहो, हळू..." काकू म्हणाल्या. पण शेठनी ऐकलं नाही, आणि वॉरंटीबाईला काकूंचा चेहरा नीट बघायलाही मिळाला नाही. कारण खालून आवाज आला होता, 'ऑडिटरसाहेब गेटवर आलेत.'

जेवायच्या आधीच!

४

"त्यांना कॉफी दे, केक दे, शोरूम दाखव, काय वाटेल ते कर, पण थोडा वेळ खाली अडकव," वॉरंटीबाईने रिसेप्शनवरच्या पोरीला सांगितलं. दिवसभर फोन घेते म्हणून तिचं नाव 'हॅलो' पडलं होतं.

"अडकवते. पण मॅडम, सायलेन्सरभाऊंना खरंच काढणार?"

"तू मदत केलीस तर नाही. आज या गाडीसाठी फोन कोणाचा आला होता?"

"काकूंचा. दरवेळी त्याच करतात. किती गोड बोलतात म्हणून सांगू!"

"काय बोलल्या? जसंच्या तसं सांग. त्यांचेच शब्द."

हॅलोला नकला छान जमायच्या. तिने मान वाकडी केली आणि काकूंचा आवाज काढला. "'बाळा, तो एअरबॅगचा लाल दिवा लागलाय गं परत. ड्रायव्हर अजून यायचाय, आला की लगेच पाठवते गाडी. आणि ती छोटी पांढरी रिकामी आहे ना गं?'"

वॉरंटीबाई दोन पावलं पुढे गेली होती. तिथेच थबकली.

"परत म्हण."

"ती छोटी पांढरी रिकामी..."

"ते नाही, त्याच्या आधीचं!"

"ड्रायव्हर अजून यायचाय."

दिवा लागलाय. आणि ड्रायव्हर अजून यायचाय. गाडी चालू केल्याशिवाय समोरचं सगळं काळंकुट्ट असतं. लाल नाही, हिरवा नाही, एकही दिवा दिसत नाही. किल्ली ड्रायव्हरकडे, दुसरी शेठच्या कपाटात. मग दिवा पाहिला कोणी?

ती धावतच लिफ्टपाशी गेली. "आज गाडी पहिल्यांदा कोणत्या किल्लीने चालू झाली? गाडीच्या पोटात लिहिलेलं असतं ना सगळं?"

सायलेन्सरने तपासणीचं यंत्र जोडलं, बघितलं. "ड्रायव्हरच्या. बिघाडाची नोंद तेव्हाचीच. आधी काही नाही."

"म्हणजे फोन आला तेव्हा दिवा लागलेलाच नव्हता!" वॉरंटीबाईने त्याचा दंड धरून हलवला. "दिवा दिसला म्हणून फोन केलेला नाही. दिवा लागणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून केला! आता खरं सांग. ही कुलपाची खुबी तू कोणाला दाखवली होतीस?"

सायलेन्सरने यंत्राची वायर काढून गुंडाळली. गिऱ्हाइकाला गाडीजवळ येऊ द्यायचं नाही, असा वर्कशॉपचा नियम होता.

"पहिल्या खेपेला," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा खरंच सैल झालं होतं. काकू आल्या. चष्मा सीटखाली पडलेला. मी काढून दिला. त्यांनी विचारलं हे पिवळं काय."

"आणि तू बोलायच्या ऐवजी उघडून दाखवलंस."

त्याने मान हलवली.

चष्मा! ती उघडी वाकडी तार, आणि कुलपावरचा तो बारीक ओरखडा! वॉरंटीबाईला एकदम उडी मारावीशी वाटली. आणि दुसऱ्याच क्षणी ती गोंधळून उभी राहिली. काकूंना यातून मिळतं काय? पैसे नाहीत. सुट्टी नाही. सकाळपासून ती एकच विचारत फिरत होती, की गाडी बिघडली की फायदा कोणाला.

प्रश्नच चुकला होता. बिघडलेल्या गाडीत कोणाचाच फायदा नव्हता. तिच्या जागी जी गाडी मिळत होती, तिच्यात होता.

बाहेर पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज सुरू झाला.

"थांब!" असं किंचाळत वॉरंटीबाई धुलाईच्या शेडकडे पळाली. "सीटांना हात लावू नकोस!"

५

फवारा थांबला, पण अर्ध्या वॉरंटीबाईला भिजवूनच.

"हात लावायला आत शिरता यायला हवं ना!" धुलाईवाली म्हणाली. "गेल्या खेपेला शेठकडून आली तशीच उभी आहे. त्यांच्याकडून आली की दरवेळी असंच. आणि हे बघा, हेही दरवेळी." तिने मागच्या पायपुसण्यावरून आइस्क्रीमचे दोन रिकामे कप उचलले. एकात एक घातलेले, दोन्ही लाकडी चमचे वरच्या कपात नीट ठेवलेले. "पेट्रोल मात्र काठोकाठ भरून देतात हो. दुसरं कोणी देत नाही."

वॉरंटीबाई चालवणाऱ्याच्या जागी बसायला गेली. गुडघे अडकले, छाती स्टिअरिंगला टेकली. ज्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला जेमतेम टेकतात, अशाच माणसाची ही जागा. शेठचं तर पोटसुद्धा इथे मावलं नसतं.

मग तिने शेजारी पाहिलं. ती सीट पार मागे सारलेली, पाठ उतरवलेली. ऐसपैस. तिथे कोणीतरी धिप्पाड माणूस पाय पसरून, मान टेकवून, अगदी निवांत बसत होता.

म्हणजे काकू गाडी चालवत होत्या, आणि शेजारी बसून आइस्क्रीम खाणारा माणूस, जो वर लाउंजमध्ये सायलेन्सरची नोकरी घ्यायला निघाला होता, त्याला हे पुरतं ठाऊक होतं.

भिजलेल्या कपड्यांनी वॉरंटीबाई क्षणभर तशीच बसून राहिली. तिला खूप आनंद झाला होता, आणि वर जाऊन जे करायचं होतं ते मुळीच करावंसं वाटत नव्हतं.

६

लाउंजमध्ये सगळे जमले होते. ऑडिटर म्हणजे एक शिडशिडीत, शांत गृहस्थ, हातात अर्धा केक. समोर टेबलावर राजीनाम्याचा कागद आणि त्यावर पेन. सायलेन्सर उभा होता, आणि त्याने पेन उचललंही होतं.

"ठेव ते!" वॉरंटीबाई दारातूनच म्हणाली. तिच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं, त्याकडे कोणी बघितलंही नाही. "हे याने केलेलं नाही. कनेक्टरचं कुलूप मागच्या सीटवरून उचललंय, तारेसारख्या वाकड्या टोकाने. दिवा लागल्याचा फोन दिवा लागायच्या आधीच आला. आणि हा सगळा खटाटोप पैशांसाठी नव्हता. मोठी गाडी अडकली की छोटी मिळते, तिच्यासाठी..."

"मी केलं," काकू म्हणाल्या.

मुलाच्या हातातला मोबाइल मांडीवर पडला. "आई?"

"मीच. या चष्म्याच्या काडीने." काकूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गाडी आतून पुसायची म्हणून रात्री अंगणात ड्रायव्हरला कुलूप काढायला लावायची आणि करायची. त्या माणसाला सोडा. त्याला काही ठाऊक नाही."

"काकू, तो दिवा लागला की सगळीच यंत्रणा बंद होते," वॉरंटीबाईच्याने राहवलं नाही. "वाटेत कोणी धडकलं असतं तर तुमच्या ड्रायव्हरला वाचवायला एकही एअरबॅग फुगली नसती."

काकूंनी दाराशी उभ्या ड्रायव्हरकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. "मला वाटलं त्या एकाच सीटचं... रिकाम्या सीटचं... दादा, माफ कर रे मला."

"मी हळूच चालवतो काकू," ड्रायव्हर पुटपुटला.

"पण का, आई?" मुलाने विचारलं.

"का म्हणजे? ती मोठी आल्यापासून आम्ही मागे बसतो आणि या ड्रायव्हरच्या मानेकडे बघत जातो. परक्या माणसासमोर हे बोलत नाहीत, आणि मला गप्प बसवत नाही. दुसरी गाडी घ्या म्हटलं, तर म्हणे पहिलीच पोसता पोसता नाकी नऊ येतात. छोटी आली की याला सुट्टी. मग मी चालवते. धरणाच्या रस्त्याला जातो. आणि हे बोलतात माझ्याशी, घरी येईपर्यंत."

ऑडिटरने केक हळूच बशीत ठेवला.

"खोटं आहे हे!" शेठ उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "तिला सगळ्यांची दया येते, म्हणून स्वतःवर घेतेय. माझी बायको गाडी चालवत नाही. छोटी गाडी मी चालवतो. मी!"

"अहो..."

"तू गप्प बस. मॅनेजर, मी सांगतो ते खरं की ती सांगते ते?"

एसी घाईघाईने म्हणाला, "तुम्ही सांगाल तेच, शेठ. आमच्या इथे गिऱ्हाइकाच्या शब्दापुढे दुसरा शब्दच नाही." आणि त्याने पेन पुन्हा सायलेन्सरपुढे सरकवलं.

सायलेन्सरने ते घेतलं. त्याने एकदा काकूंकडे बघितलं, शेठकडे नाही, आणि कागद स्वतःकडे ओढला.

तेव्हा वॉरंटीबाईने ते केलं, जे तिला करायचं नव्हतं. ती भिंतीवरच्या आकड्यावरून काळ्या गाडीची किल्ली काढून शेठसमोर गेली.

"शेठ, तुमचाच शब्द खरा. मग सहीआधी एक फेरी मारून येऊ या. कनेक्टर आत्ताच बसवलंय, तपासलंय. तुम्ही चालवा, शेजारी ऑडिटरसाहेब बसतील. मालक स्वतः चालवताना दिवा लागला, तर दोष गाडीचा आणि आमच्या माणसाचा. मी स्वतः त्याला बाहेर काढीन."

किल्ली शेठच्या तळहातावर होती. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. ड्रायव्हर जमिनीकडे. काकू उठल्या आणि नवऱ्याचा हात धरायला गेल्या. "नको. राहू दे. बाई, नका हो त्यांना..."

किल्ली हलत होती, ते सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे दिसत नसल्यासारखं करत होते. सायलेन्सरने सहीचं पहिलं अक्षर काढलं.

"थांब," शेठ म्हणाले. आवाज एवढा लहान, की त्या देहातून आला असं वाटलंच नाही. "नको करूस सही. ती सांगते ते खरं आहे. मी शेजारी बसलेला असतो."

"पण शेठ," एसी गोंधळला, "तुम्ही तर म्हणालात की तुम्ही..."

शेठ खाली बसले. किल्ली त्यांनी काकूंच्या ओंजळीत ठेवली आणि काकूंशीच बोलले, बाकी कोणी खोलीत नसल्यासारखे.

"गाडी आली त्या दिवशी तू फाटकात उभी होतीस. ब्रेक म्हणून मी दुसरंच दाबलं. तू बाजूला झालीस म्हणून... त्या दिवसापासून स्टिअरिंग समोर आलं की मला तूच दिसतेस, तिथे उभी. मला भीती वाटते गं. गाडी चालवायची भीती वाटते मला."